दुसऱ्या कलावंतांकडून काय घ्यावं, कसं घ्यावं? कामात असलेल्या नटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिका स्पर्धांतून आलेली, मालिकेत पाय रोवू पाहणारी, कोणाच्या तरी जागी घाईघाईने नाटकात उभी राहिलेली मुलं-मुली मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी, म्हणजे ज्याचं घर नाटकाच्या नाइटवर (म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर), मालिकेच्या पर डेवर (म्हणजे दर दिवसाच्या मानधनावर) आणि मधल्या कोरड्या महिन्यांत डबिंगवर चालतं अशा एका नटाची. ती सगळ्यांना लागू पडतील असं नाही.

दुसऱ्याचं बघून करणं म्हणजे शेवटी नक्कलच ना?

हो, सुरुवातीला नक्कलच. त्यात लाजण्यासारखं काय आहे? गाण्यात कोणी लाजत नाही. शागीर्द गुरूच्या तोंडून आलेली तान जशीच्या तशी घोटतो, वर्षानुवर्षं घोटतो, आणि लोक त्याला तालीम म्हणतात. नटाला मात्र पहिल्याच दिवशी सांगतात, ‘स्वतःचं काहीतरी आण.’ कुठून आणणार? परसात पुरून ठेवलंय का?

या प्रश्नावर मला नेहमी कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचा. त्याचे जलसे व्हायचे, लोक थक्क व्हायचे. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याच वयातली. नक्कल एवढी चोख असूनही पुढे तो देवधर मास्तरांकडे मुंबईला शिकायला आला. मग ऐन उमेदीत क्षय झाला. १९४८ साली देवासला मुक्काम हलला आणि काही वर्षं गाणं बंद. गायचं नाही म्हटल्यावर माणूस ऐकतो. अंथरुणावरून त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, आणि बरे होऊन गायला बसले तेव्हा गाणं दुसरंच झालेलं होतं. स्वरांची छोटी, अचानक चमकून जाणारी वाक्यं. पुष्कळ जाणकार त्याचा संबंध त्या दुखण्याशी लावतात.

याच कुमारांनी पुढे बालगंधर्वांची नाट्यपदं गाण्याचा कार्यक्रम केला. त्याचं नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’. लहानपणी जो माणूस कोणाचीही हुबेहूब नक्कल करायचा, त्याने मोठेपणी बालगंधर्वांची नक्कल केली नाही. ऐकताना गंधर्वांच्या जागा ओळखू येतात, पण आवाज, दम, थांबणं, सगळं कुमारांचं. माझ्या मते आपल्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर त्या नावातल्या ‘उमजलेले’ या एका शब्दात आहे. मला दिसलेले नव्हे, मला पाठ असलेले नव्हे. पुढच्या बऱ्याच उत्तरांमागे हाच शब्द आहे, तेव्हा कंटाळा आला तर सांभाळून घ्या.

आधी कोणीतरी गाजवलेली भूमिका मिळाली आहे. त्यांचं चित्रीकरण बघू की नको?

बघा. ‘मी मुद्दाम बघितलंच नाही’ असं मुलाखतीत सांगायला बरं असतं, पण न बघितल्याने तुम्ही मोकळे होत नाही. प्रेक्षकांनी बघितलेलं असतंच. तुम्ही एन्ट्री घेता तेव्हा तो आधीचा नट त्यांच्या डोक्यात तुमच्या शेजारी उभा असतो.

फक्त एकाला बघू नका, दोघा-तिघांना बघा. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं. डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर आजही लोकांच्या कानात आहेत. पण तीच भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्त यांनी केली, आणि सिनेमात नाना पाटेकरांनी. शिरवाडकरांची वाक्यं तीच. एकच नट बघितला की वाटतं, हे वाक्य असंच म्हणायचं असतं. दुसरा बघितला की कळतं, ते त्याने ठरवलेलं होतं. तिसरा बघितला की तुम्हालाही ठरवायची परवानगी मिळते. ‘ती फुलराणी’चंही तसंच. भक्ती बर्वेंची मंजुळा ज्यांनी बघितली त्यांना वाटलं असणार की आता संपलं. तरी पुढे अमृता सुभाष आली, हेमांगी कवी आली.

आता माझीच फजिती सांगतो. एका चालत्या नाटकात मी बदली कलाकार म्हणून उभा राहिलो. चार दिवसांत पाठांतर, दोन तालमी, पाचव्या दिवशी डोंबिवलीला प्रयोग. आधीचे काका दुसऱ्या अंकात बायकोला ‘बरं’ म्हणायच्या आधी एक लांब पॉज घ्यायचे आणि नाट्यगृह कोसळायचं. मी तो पॉज मोबाइलवर लावून अक्षरशः मोजला होता. तेवढाच घेतला. हशा नाही. खुर्ची करकरली तेवढीच. दुसऱ्या प्रयोगाला थोडा लांबवला, तर मागून कोणीतरी ‘विसरला’ म्हणालं. मध्यंतरात बायकोचं काम करणाऱ्या ताई चहा ढवळत म्हणाल्या, “अरे, त्यांना दमा होता. जिना चढून आल्यावर श्वास मिळेपर्यंत ते थांबायचे. लोकांना वाटायचं, बिचारा उत्तर शोधतोय. तू कशासाठी थांबतोस?”

मी कशासाठीच थांबत नव्हतो. त्या रात्री घरी येताना शेवटच्या लोकलमध्ये मी त्या ‘बरं’च्या आधी मला काय बोलायचंय आणि मी ते का गिळतोय, एवढंच शोधत बसलो. पुढच्या प्रयोगात पॉज आखूड झाला. हशा आला. काकांना यायचा तेवढा नाही, पण माझा आला.

तेव्हा बघताना ‘काय केलं’ याच्या खाली ‘का केलं असेल’ असं लिहा. तुमचा अंदाज चुकला तरी चालेल. चुकीचं कारणसुद्धा उसन्या पॉजपेक्षा बरं.

फक्त चांगले नट बघत राहिलं तर पुरे नाही का?

नाही. उलट नटाने नटालाच बघत राहणं म्हणजे एकाच विहिरीतलं पाणी पुन्हा तिच्यातच ओतणं. मला जे कामी आलं ते बहुतेक बाहेरून आलं. जरा सविस्तर सांगतो.

बैठकीची लावणी बघा. वाईच्या यमुनाबाई वाईकर हे त्यातलं मोठं नाव. गाणारी बाई बसल्या जागेवरून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी अदा बदलते. एकदा लाडीगोडी, एकदा टोमणा, एकदा कळवळा, एकदा नुसतं भुवईने ‘कळलं ना?’. पाय हलत नाहीत. मालिकेत आपल्याला कंबरेच्या वर पकडलेलं असतं आणि दिवसाला आठ वेळा ‘तुम्ही? इथे?’ म्हणायचं असतं. त्या नटाला याहून मोठी शाळा कुठली? मी मेकअपच्या खुर्चीत सीन पेपरमधलं एक फालतू वाक्य निवडतो आणि सहा अदांनी म्हणून बघतो. मेकअपदादा वैतागतात, पण आता त्यांचीही मतं असतात. “चौथं घ्या,” म्हणतात.

नारदीय कीर्तन बघा. उत्तररंगातल्या, म्हणजे कीर्तनाच्या उत्तरार्धातल्या, आख्यानात बुवा एकटेच राजा होतात, दासी होतात, दारावरचा शिपाई होतात. कपडे तेच, उपरणं तेच. फक्त वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं, नजर बदलते आणि माणूस बदलतो. एकपात्री करणाऱ्याने तर पुढच्या रांगेत बसून त्यांचे पाय बघावेत.

सिंधुदुर्गात जत्रांच्या दिवसांत दशावतार बघा. लिखित संहिता नसते. आख्यान कोणतं आणि कोण काय करणार हे ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहून सुचतात. समोरच्याने नवीन मुद्दा काढला तर त्याला पुराणातलाच दाखला देऊन उत्तर द्यायचं. हे करायला समोरच्याचं ऐकावं लागतं. आपल्यातले कितीतरी जण समोरच्याचं वाक्य संपण्याची फक्त वाट बघतात. आणि आपल्या लोककला नुसत्या ‘जपायच्या’ असतात असं वाटत असेल तर ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. १९७२ साली जब्बार पटेलांनी उभी केलेली ती माणसांची भिंत कोकणातल्या नमन-खेळ्यांच्या, म्हणजे तिथल्या लोकनाट्यातल्या, रांगेची सख्खी नातलग आहे. कोणीतरी ती रांग नीट बघितली होती म्हणून ती पडद्याचं काम करू शकली.

आणि साथीदार बघा. लहान भूमिका मिळाल्या म्हणून हिरमुसणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ तबल्याला होते. तासभर स्वतंत्र तबला वाजवून मैफल जिंकणारा माणूस नाट्यपदांना ठेका धरायचा. कधी भरायचं आणि कधी नुसतं मागे राहायचं, हे चांगल्या तबलजीकडे पाहून जेवढं कळतं तेवढं कोणत्याही अभिनयवर्गात मला कळलं नाही. आता नायिकेच्या मोठ्या भावाचं काम करताना मी मनात ठेका धरतो. हसू नका, उपयोग होतो.

शूटिंग बारा-तेरा तास चालतं. हे सगळं बघायला वेळ कुठून आणू?

नाही मिळत वेळ, खरंय. मढला किंवा नायगावला सेट असेल तर जाण्यायेण्यातच दोन-तीन तास जातात. पण त्या प्रवासात कान मोकळे असतात. आठवड्याला एकच कलाकार घ्या आणि एकच ध्वनिमुद्रण पाच वेळा ऐका. पाच वेगळी नकोत. तिसऱ्या खेपेला ऐकू यायला लागतं.

सुट्टी लागेल त्या दिवशी एक प्रयोग बघा, तोही तिकीट काढून. पासावर बसलेला माणूस फार लवकर मान डोलावतो किंवा फार लवकर नाक मुरडतो, असं माझं निरीक्षण आहे.

रील्स चालतात का?

करमणुकीला चालतात. तीस सेकंदांत शिखर दिसतं, चढण दिसत नाही, आणि आपलं काम चढणीचं.

एखाद्या नटाची लकब अंगाला चिकटली आहे. कशी सोडवू?

आधी ती लकब त्यांनी कशावर उपाय म्हणून काढली होती ते बघा. निळू फुल्यांचं उदाहरण घ्या. मिमिक्री करणारा प्रत्येक जण त्यांचा तो दबका, ओढलेला आवाज काढतो आणि टाळी घेतो. पण ‘सामना’ सिनेमात त्यांना आवाज बंद करून बघा. समोर डॉ. लागूंचा मास्तर बोलतोय आणि फुल्यांचा हिंदुराव नुसता ऐकतोय. या माणसाला विकत घ्यावं, घाबरवावं की जेवायला वाढावं, हा हिशेब त्या डोळ्यांत चाललेला दिसतो. आवाज हा त्या हिशेबाचा शेवट आहे. आवाज उचलणारे शेकडो आहेत, तो हिशेब कोणी उचलत नाही. हा माणूस पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता, सेवा दलाच्या कलापथकातून वगनाट्यात आला होता. माणसं त्याने फार जवळून बघितली होती.

व्यवहारातला उपाय विचाराल तर दोन आहेत. एक, त्या नटाचं काम तीन महिने बघू नका. दोन, त्याच्या अगदी विरुद्ध ढबीच्या कलाकाराची तालीम करा. आवाज ओढून बोलायची सवय लागली असेल तर पोवाडा म्हणा. शाहिरीत ओढायला वावच नसतो, श्वास संपतो.

खऱ्याखुऱ्या कलावंताची भूमिका मिळाली आहे. तयारी कशी करू?

फोटो, ध्वनिफिती, आठवणी हे सगळं कराच. रंगभूषा आणि आवाज यांचीही मोठी मदत होते. २०११च्या ‘बालगंधर्व’ सिनेमात सुबोध भावेंच्या चेहऱ्यामागे विक्रम गायकवाडांची रंगभूषा होती आणि गळा आनंद भाटेंचा. भाटे लहानपणापासून बालगंधर्वांची पदं गायचे, म्हणून त्यांना ‘आनंद गंधर्व’ म्हणत. म्हणजे पडद्यावरचे एक बालगंधर्व व्हायला किती जणांची साधना लागली बघा.

पण मी एक वेगळी वाट सुचवतो. तो कलावंत स्वतः कोणावर जीव टाकत होता ते शोधा. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते आणि त्यांच्या मनात दीनानाथ मंगेशकरांचं गाणं घर करून होतं. भीमसेन जोशी पोरवयात अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडे झाले आणि गाणं शिकायला घरातून पळाले. वसंतराव करायचे असतील तर आधी दीनानाथ ऐका, भीमसेन करायचे असतील तर आधी खाँसाहेब ऐका. मोठ्या माणसाचा मोठेपणा रंगवायला गेलं की पुतळा होतो. तो कोणासमोर लहान होता हे कळलं की माणूस हाती लागतो.

बालगंधर्वांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त ‘एकच प्याला’ने शिकवलं. शालू-पैठण्यांसाठी ज्यांना बघायला बायका गर्दी करायच्या, ज्यांच्यासारखं नेसायच्या, तो माणूस १९१९ साली सिंधू म्हणून ठिगळाचं लुगडं नेसून उभा राहिला. गाण्याची नक्कल करणारे झाले, नेसण्याची करणारे झाले. हातातलं सगळ्यात खात्रीचं शस्त्र घरी ठेवून रंगमंचावर जायचं, हे धाडस मात्र उचलायला कठीण.

परदेशी नटांकडून शिकावं का? की ते आपल्या कामाचं नाही?

मराठी रंगभूमीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढलाय. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि गणपतराव जोशींनी ती कामं अशी केली की लोकांना ती आपलीच वाटली. ‘नटसम्राट’च्या मागे शेक्सपिअरचा लिअर आहे, ‘फुलराणी’च्या मागे बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. विजयाबाई मेहतांनी फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकासोबत काम केलं आणि ब्रेख्तचं नाटक खानोलकरांच्या मराठीतून ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून आलं.

एकच पथ्य पाळा. त्यांचा विचार घ्या, त्यांचा श्वास घेऊ नका. मराठी वाक्याचं क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचं वजन शेवटपर्यंत उचलून न्यावं लागतं. इंग्रजी मालिका खूप बघणारी मुलं वाक्याच्या मध्यावरच जोर देऊन मोकळी होतात आणि शेवट पुटपुटतात. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत ‘मी उद्या तुझ्याकडे’ एवढंच पोचतं. येणार की नाही, ते बाल्कनीला कळत नाही.

वही ठेवावी का?

ठेवा, पण सुविचारांची नको. माझ्या वहीत असं असतं: ‘डाव्या हाताने पदर, उजवा तसाच. का?’ किंवा ‘समेवर यायच्या आधी गायिका हसली.’ किंवा ‘चित्रात सगळे राजाकडे बघतायत, एक पोरगा बाहेर बघतोय.’ हे शेवटचं जहांगीर कलादालनात पावसापासून आडोसा म्हणून शिरलो तेव्हाचं. त्यातून मला एका कोर्टातल्या प्रवेशात कुठे बघायचं ते सापडलं, तब्बल दीड वर्षाने. पुण्यात असाल तर राजा केळकर संग्रहालयात जाऊन नुसते अडकित्ते आणि दिवे बघा. कोणत्या हाताने कसे धरले असतील याचा विचार केला की ऐतिहासिक मालिकेतले हात एकदम जड होणं थांबतं.

दुसऱ्याचं काम बघून प्रेरणा नाही, मत्सरच वाटतो. काय करू?

वाटू द्या. मलाही वाटतो, परवाच वाटला. माझ्याच वयाचा, माझ्याच बरोबर स्पर्धा केलेला मित्र. मी रंगपटात जाऊन त्याला मिठी मारली आणि रिक्षात बसल्यावर मनात त्याचे दोष मोजले. सहा सापडले. घरी येईपर्यंत दोन उरले. मग पुन्हा जाऊन बघितला तो प्रयोग. जिथे पोटात दुखलं होतं नेमकी तीच जागा वहीत लिहिली. मत्सर खोटं बोलत नाही. आपल्याला काय हवंय ते तो टाळ्यांपेक्षा अचूक दाखवतो.

ज्याच्या कामाची भुरळ पडली तो माणूस म्हणून वाईट निघाला तर?

कामातून शिका, घरी जेवायला बोलावू नका. आणि त्याच्या वागण्याची नक्कल करून स्वतःला कलावंत समजू लागलेले पुष्कळ आहेत, त्या रांगेत उभे राहू नका.

ज्येष्ठ नटांना विचारायचं असतं, पण धीर होत नाही. कसं विचारू?

प्रयोगाआधी कधीच नाही. मध्यंतरात नाही. प्रयोग संपल्यावर रंगपटात गर्दी असते, तेव्हा फक्त नमस्कार करा आणि फोन कधी करू एवढंच विचारा. दौऱ्यावर असाल तर सोन्यासारखी संधी. बसमध्ये रात्री एकनंतर ज्येष्ठ मंडळी जे बोलतात ते कोणत्याही पुस्तकात नसतं.

‘तुमची प्रेरणा काय?’ असं विचारू नका, ठरावीक उत्तर मिळतं. एखाद्या बारीक जागेबद्दल विचारा. ‘काका, दुसऱ्या अंकात तुम्ही चष्मा पुसता तो कधीपासून?’ असं विचारलं की माणूस खुलतो, कारण ते कोणीतरी बघितलं याचाच त्याला आनंद असतो.

त्या पॉजवाल्या काकांना मी असंच गाठलं, बऱ्याच वर्षांनी, एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. जिलबीच्या रांगेत उभं राहून त्यांना सांगितलं की तुमच्या दम्यामुळे माझा हशा गेला होता. ते खो खो हसले. म्हणाले, “दमा नंतरचा रे. पॉज आधीचा. आमच्या गावात रामनवमीला एक कीर्तनकार बुवा यायचे, ते सीतेच्या उत्तराआधी असे थांबायचे की बायका डोळे पुसायला लागायच्या. त्यांचा उचलला मी.”

“आणि बुवा का थांबायचे?”

“तपकीर ओढायला.”